साडेतीन नंबरची आळी

गौतमीने कंप्युटरवरचं जुनं पायथन काढून टाकलं तेव्हा तिच्या मनात कुणाचं पाणी तोडायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाला द्यायचंही नव्हतं. हिंजवडीच्या एका कंपनीने नोकरीआधी सरावाचं काम दिलं होतं आणि त्याला पायथन या कंप्युटरच्या भाषेची नवी आवृत्ती लागत होती, एवढंच. घरातली आवृत्ती बारा वर्षांपूर्वीची. थोरल्या भावाने, ओमने, कॉलेजात असताना ती टाकली, तिच्यावर कोंढाळवाडीच्या पाण्याचा प्रोग्राम लिहिला आणि तो बंगळूरला निघून गेला.

भरे गावाच्या वरच्या अंगाला ही वाडी. आळ्या चार, आणि टाकीत पाणी एका वेळी एकाच आळीला पुरेल इतकं. प्रत्येक आळीला सलग दोन दिवस पाणी. रोज सकाळी सहाला प्रोग्राम दिवस मोजायचा आणि ‘आज पाणी: आळी 3’ असा मेसेज सगळ्या वाडीला पाठवायचा. मग पाणी सोडणारा हनुमंता जाऊन त्या आळीच्या पाइपचा वॉल फिरवायचा. बारा वर्षांत नळावरून एक भांडण नाही. याचं सगळं श्रेय पाणी समितीचे अध्यक्ष म्हणून गौतमीचे वडील हैबतराव यांनी कधीच स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

“नवं टाकतीयास तर जुनं काढ,” हैबतराव मागून म्हणाले.

“राहू द्या की अप्पा, दोन्ही.”

“एका खोलीत दोन भाडेकरू? आपल्या जांब्याच्या खोल्यांत कदी बघितलंस का असलं? पयल्यानं बोचकं उचलायचं, मग दुसऱ्यानं आत यायचं. न्हाईतर मोरीवरनं भांडणं ठरलेली.”

जांबे गावात हैबतरावांच्या बारा खोल्या भाड्याने होत्या, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न ते खोलीभाड्यानेच सोडवत. गौतमीला घाई होती. तिने जुनं उडवलं, नवं टाकलं. लगेच ओमचा प्रोग्राम रुसून बसला. नव्या आवृत्तीला काही ठिकाणी कंस हवे होते, ते तिने घातले. प्रोग्राम मुकाट्याने चालू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला, ‘आज पाणी: आळी 3.0’. ते टिंब-शून्य तिला दिसलं, पण पाणी तिसऱ्या आळीला आलं होतं. स्वतःवर खूश होऊन ती आपल्या कामाला लागली. इथेच चुकलं.

त्याच्या पुढच्या सकाळी अंगणात तिसऱ्या आळीचे कोंडाजी रिकामी कळशी घेऊन उभे.

“अध्यक्ष, बाहेर या! आमचा दुसरा दिवस कुणी खाल्ला? नळाला थेंब न्हाई!”

गौतमीने मोबाइल पाहिला. ‘आज पाणी: आळी 3.5’.

तेवढ्यात हनुमंता आला. त्याच्या हाताला गंज लागला होता.

“तू पाणी सोडलंस कुटं?” हैबतराव ओरडले.

“साडेतीनला.”

“साडेतीन नंबरची आळी हाय का आपल्यात?”

“आळी न्हाई, पर वॉल हाय की. तीन आन् चारच्या मधी, रंभाकाकूच्या दारात. लई गंजलेला, लोखंडी पान्यानं ठोकून ठोकून उघडला.”

“आरं, काल तीन टिंब शून्य आलं, तवा काय केलंस?”

“शून्य म्हंजी काय न्हाई, म्हणून तीन. आज पाच हाय. ओमदादानं सांगितलंय, मेसेज आला की वॉल फिरवायचा, डोकं चालवायचं न्हाई.”

गौतमी आत पळाली आणि ओमला फोन लावला. ओम आधी हसला, मग पुन्हा हसला, मग सांगू लागला.

“अगं, जुन्या पायथनमध्ये सातला दोनने भागलं की तीन यायचे. उरलेला अर्धा ते सोडून द्यायचं. नवं साडेतीन सांगतं. मी दिवसांना दोनने भागलंय, म्हणजे प्रत्येक आळीच्या दुसऱ्या दिवशी अर्धा निघणार.”

“मग आता? जुनं तर मी काढलं.”

“परत टाक. दोन्ही नांदतात एका कंप्युटरवर. वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि प्रत्येक प्रोग्रामला सांगायचं, तू याच्याकडे जा, तू त्याच्याकडे. काढायला कुणी सांगितलं होतं तुला?”

गौतमीने बाहेर पाहिलं. अप्पा घाम पुसत होते. तिने त्यांचं नाव घेतलं नाही. दहा मिनिटांचं काम होतं, ते करायचं आणि गप्प बसायचं, असं तिने ठरवलं. तोवर अंगणात रंभाबाई आल्या.

रंभाबाईंचं घर तीन आणि चारच्या मधल्या कोपऱ्यावर. तिसरी आळी म्हणे त्या चौथीतल्या, चौथी म्हणे तिसरीतल्या. योजनेच्या वेळी नळ बसला, वॉल बसला, पण पाळी कधी लागलीच नाही. बारा वर्षं बाई ओढ्यावरून पाणी वाहत होत्या. दर वर्षी अर्ज द्यायच्या आणि दर वर्षी हैबतराव हळहळून म्हणायचे, “वैनी, मी तर आत्ता सोडीन. पर कंप्युटरमदी तुमची आळीच न्हाई, त्याला मी काय करू?”

आज त्यांच्या हातात नारळ होता.

“भावजी, तुमच्या कंप्युटरचं तोंड कुटं हाय? नारळ फोडायचाय. बारा वर्सांनी का हुईना, त्यानं मला वळखलं.”

हैबतराव कात्रीत सापडले. कंप्युटर चुकला म्हणावं, तर बारा वर्षांची ढाल हातातून जाते. बरोबर म्हणावं, तर कोंडाजी कळशी डोक्यात घालतात.

“चुकलाय तो!” कोंडाजीच म्हणाले.

“असं कसं? माझ्या अर्जाच्या टायमाला तो कदी चुकत नव्हता!” रंभाबाई म्हणाल्या. “हे अध्यक्षच सांगायचे. व्हय का न्हाई वो, भावजी?”

“व्हय,” हैबतराव इतक्या बारीक आवाजात म्हणाले की ते अध्यक्ष वाटलेच नाहीत.

गौतमीला वडिलांची कीव आली आणि आतून हसूही आलं. पण रंभाबाईंच्या ओल्या पदराकडे लक्ष गेलं आणि हसू मावळलं. पाणी घरी आलं होतं, तरी सवयीने बाई सकाळी ओढ्यावर जाऊन आल्या होत्या. आता गुपचूप जुनं टाकून मोकळं होणं तिच्याच्याने होईना.

“अप्पा, दोन्ही ठेवूया,” ती म्हणाली. “सकाळी सहाला जुनं चालेल, ते आळी सांगेल. मग नवं चालेल. दोघांचं जमलं तर प्रश्नच नाही. नव्याने अर्धा काढला, तर आळीचं पाणी झाल्यावर दोन तास त्या अर्ध्याला. कोंडाजीकाका, तुमचा दिवस तुम्हालाच.”

“दोन तास पुरं झाले गं बाय. मी एकटी,” रंभाबाई म्हणाल्या.

कोंडाजींनी कळशी खाली ठेवली. “माझं पाणी मला मिळालं, मग दोन तासांचं काय एवढं,” ते पुटपुटले.

हैबतरावांना एकदम कंठ फुटला. “मी तर कदीपासनं म्हणतोय, दोन्ही ठेवा! एका जाग्यात दोन भाडेकरू गुण्यागोविंदानं राहत्यात, नियम घालून दिला म्हंजी झालं!”

नारळ फुटला. पाणी कीबोर्डवर जाऊ नये म्हणून गौतमी आडवी पडली, तेवढं वाचलं. खोबरं वाटलं गेलं, माणसं पांगली. दारात एकटा गोमा उरला. वाडीच्या डोंगराकडच्या अंगाला, चौथ्या आळीच्याही वर, गोमाच्या माणसांची सात घरांची वस्ती. पाइप तिथवरही गेलेला होता, वॉलही बसवलेला होता. गोमाने कधी अर्ज केला नव्हता. अर्ज कुणाला करायचा, हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“ताई,” तो चाचरत म्हणाला, “ह्या नव्यामदी चारच्या फुडं बी अर्धा निघतो का?”

गौतमीने बोटांवर मोजलं. उद्या चार. परवा साडेचार. तिने अप्पांकडे पाहिलं. हैबतराव खोबरं चघळायचे थांबले. त्यांनी आधी गोमाकडे पाहिलं, मग कंप्युटरकडे.

“हनुमंता,” ते म्हणाले, “वरचा वॉल आजच तेल घालून ठेव. परवा ठोकाठोकी नको.”