वानखडे मॅडमचं कच्चं काम

मागच्या उन्हाळ्यात वानखडे मॅडमच्या डाव्या हातावर एक मोर आला. आठवडाभर राहिला आणि गेला. मग कासव आलं. ते गेलं तसं कमळ उगवलं. सगळं निळ्या बॉलपेननं काढलेलं, आणि रोज आंघोळीनंतर पुन्हा गिरवलेलं. कॉलनीत येणारा भाजीवाला भेंडी मोजता मोजता विचारायचा, "मॅडम, आज कोन हाय?" मॅडम त्याच्यापुढे हात धरायच्या आणि उलट विचारायच्या, "जनमभर पाहू शकशीन कां याले, सांग?" भाजीवाला नकारार्थी मान हलवायचा. आठवडा भरला की मॅडम साबणानं चित्र घासून काढायच्या.

याला त्या कच्चं काम म्हणत.

मॅडम अमरावतीच्या आमच्या कन्याशाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाल्या. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. चित्रकला शिकवायचो म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात माझा तास सुरू झाला की दारात मॅडम उभ्या. "गावंडे सर, तुमचा तास घेऊ कां? परीक्षा जवळ आली." हे त्या जून महिन्यात म्हणायच्या. आमच्या शाळेच्या मुलींना आजही धड हत्ती काढता येत नाही, पण हत्तीचं घनफळ विचारा, चटकन काढून देतील.

वर्गात मॅडमची भाषा पुस्तकातली. वर्गाबाहेर आल्या की अस्सल वऱ्हाडी. त्यांचे दोन मंत्र साऱ्या शाळेला पाठ होते. पहिला, "आधी कच्चं काम, मग पक्कं." दुसरा, "सिद्ध करा." हा दुसरा मंत्र त्या कुणावरही चालवायच्या. मुख्याध्यापक म्हणाले की उद्या पाऊस येणार, तरी मॅडम म्हणायच्या, सिद्ध करा.

आणि हातांची तपासणी. मेंदी चालायची नाही. तळहातावर पेननं फूल काढलेलं दिसलं, की ती मुलगी नळावर. "हात लिहायले असते, लिहून घ्यायले नसते," असं म्हणून मॅडम शाई निघेपर्यंत तिच्या डोक्याशी उभ्या राहायच्या. गंमत अशी की खुद्द मॅडमच्या डाव्या मनगटावर एक हिरवट ठिपका होता. मुली म्हणायच्या, ती त्यांच्याच पेनची शाई आहे आणि मॅडमच्या धाकानं निघत नाही. मला तो तीळ वाटायचा. विचारायची हिंमत कुणालाच नव्हती.

अशा बाई एका दुपारी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "सर, मले टॅटू काढायचा आहे. डिझाइन काढून द्या."

मी बायकोकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली, म्हणजे तिनंही तेच ऐकलं होतं.

"या वयात?" मी विचारलं.

"मंग? कातडी पुरून राहिली तोवरच काढाव लागते ना." मग म्हणाल्या, "आमच्या ताईचं हार्टचं आपरेशन आहे अकोल्याले. त्याच्या आंधी झालं पायजे."

ताई म्हणजे इंदुताई, मॅडमची थोरली बहीण. पातूरकडच्या एका खेड्यात दिलेली. मॅडमनी लग्न केलं नाही, त्यामुळे सख्खं म्हणावं असं हे एवढंच माणूस. ताईंच्या ऑपरेशनचा आणि टॅटूचा संबंध काय, हे मला कळलं नाही. नंतर शुश्रूषेत वेळ मिळणार नाही म्हणून घाई असेल, असा मी माझ्यापुरता हिशेब लावला. गणितात मी कच्चाच.

खरी अडचण वेगळी होती. मॅडम सुईला भितात. शाळेत लसीकरण असलं की त्या साऱ्या वर्गांना रांगेत उभं करायच्या, रडणाऱ्या मुलींना दटावायच्या, आणि शिक्षकांची पाळी आली की उत्तरपत्रिका शोधायला स्टाफरूमच्या कपाटात डोकं घालून बसायच्या. एकदा त्यांना ओढून आणलं, तर सुई लांबूनच बघून त्या शिपाईबाईच्या अंगावर कोसळल्या. अशा बाई स्वतःहून सुई टोचून घेणार, यावर मी कशाला विश्वास ठेवू? पण साऱ्या नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे चित्र मागत होतं. मी रंगपेटी काढली.

मी मोर दिला. मॅडमनी पट्टी लावली. "सर, दोन्हीकडचे पिसं सारखे नाईत." कासव दिलं. "माह्या हातावर नको. आधीच मी हळू चालतो म्हनते लोकं." कमळाच्या पाकळ्या मोजल्या आणि विषम निघाल्या म्हणून परत केल्या. मी चिडून 'पाय'चं (π) चिन्ह काढून दिलं, म्हटलं, घ्या तुमचं गणित. त्यावर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पायची किंमत कधी संपत नाई, सर. हात संपते." प्रत्येक चित्र मात्र त्या आठवडाभर हातावर वागवायच्या. त्यांची अट एकच होती. चित्र कोणतंही असो, मनगटावरच्या त्या ठिपक्याच्या आसपास यायचं नाही. "थे जागा सोडा. तिथं समास आहे असं समजा."

एव्हाना कॉलनीला विषय मिळाला होता. आमच्या कॉलनीत नळाला पाणी नसलं तर कुणी बोलत नाही, पण बाईमाणसाच्या हातावर मोर आला की सभा भरते. सोसायटीच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मॅडमना समजवा, समाजात एक प्रतिमा असते. यांच्या स्वतःच्या छातीवर राष्ट्रीय पक्ष्याएवढं मोठं कुठल्यातरी बाईचं नाव आहे, हे त्यांना पोहताना पाहिलेल्या साऱ्यांना ठाऊक आहे, आणि ते त्यांच्या बायकोचं नाही. जोशीकाकू संस्कृत श्लोक सुचवून गेल्या. मॅडम म्हणाल्या, "सुरकुत्या पडल्यावर जोडाक्षरं कोन वाचन? अर्थाचा अनर्थ होईन." साखरेच्या डॉक्टरांनी रक्त तपासून परवानगी दिली, तेव्हा मॅडमचा चेहरा पडला. मला वाटतं, ते नाही म्हणतील अशी त्यांना आशा होती.

ऑपरेशनची तारीख ठरली. आदल्या दिवशी मॅडम सकाळीच हजर. "चला सर, अकोल्याले. इथं काढला तर टोचनारी माहीच विद्यार्थिनी निघन. मले शरम वाटते."

बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत त्या सगळे पाढे मनात म्हणत असाव्यात, कारण ओठ हलत होते.

अकोल्याला त्या दुकानाच्या भिंतींवर कवट्या, साप आणि जीभ बाहेर काढलेला वाघ. खुर्चीत एक कॉलेजचा तरुण बाही वर करून बसलेला. मॅडमनी सवयीनं विचारलं, "काय काढून राहिला?"

"मैत्रिणीचं नाव."

"तिनं होकार दिला कां?"

"देईन म्हने."

"म्हने?" मॅडमनी चष्मा वर केला. "अन् नाई दिला तर? मंग दुसरी त्याच नावाची शोधशीन? जाय, आधी कच्चं काम करून ये."

तो उठून गेलाच. तेवढ्यात आतून टॅटू काढणारी मुलगी आली, मॅडमना पाहिलं आणि उभीच राहिली. "वानखडे मॅडम?"

मॅडमची विद्यार्थिनी भेटणार नाही असं गाव वऱ्हाडात नाहीच. ही पल्लवी. आठवीत बाजूच्या मुलीच्या हातावर वेल काढताना सापडली होती. "मॅडम, तुमी मले नळावर उभं केलं होतं."

"मंग? निघाली होती ना शाई?"

"निघाली."

"आता न निघनारी वापर," म्हणत मॅडम खुर्चीत बसल्या.

पल्लवीनं नमुन्यांचं जाड पुस्तक पुढं केलं. मीही माझी गुंडाळी सोडली, सुधारलेला मोर वर ठेवला. मॅडमनी दोन्ही बाजूला सारलं. पर्समधून बॉलपेन काढलं आणि मनगटावरच्या त्या जुन्या ठिपक्याच्या चार कोपऱ्यांना चार ठिपके दिले. "एवढंच."

मला राग आला. का येऊ नये? "मॅडम, उन्हाळाभर मी चित्रं काढतोय. माझा मोर?"

"थे कच्चं काम होतं, सर. जे नको थे आधी लिहून खोडाव लागते." मग आवाज उतरला. "आन् मी भेत होती. म्हटलं, डिझाइन पसंत नाई, तवरक तरी सुई लांब आहे."

"चार ठिपके तर पाच मिनिटांचं काम आहे, मॅडम," पल्लवी म्हणाली.

"याच पाच मिनिटाले भिऊन मी लहानपनी पळाली, पोरी."

मग त्यांनी सांगितलं. कौंडण्यपूरच्या जत्रेत आईनं दोघी बहिणींना गोंदणारणीपुढे बसवलं होतं. ताईंनी मुकाट पाच ठिपके गोंदून घेतले. मग धाकटीची पाळी. ताईंनी तिचा हात धरला. मधला एक ठिपका झाला, आणि धाकटी गोंदणारणीला चावून पळाली. सापडली ती संध्याकाळी, नदीकाठी कुणाच्यातरी बैलगाडीखाली झोपलेली. हात का सोडला म्हणून मार मात्र ताईंनी खाल्ला.

"तवापासून ताईचं एकच. मेल्यावर बाकी सारं इथंच राह्यते, गोंदण तेवढं संगं येते. वर गोंदण पाहून बहिणीले बहिणीजवळ बसवते म्हने. तुह्या हाती एकच टिपका, तुले कोनाच्याबी घरात बसवतीन. आता आपरेशन ठरल्यापासून रोज फोन. कुमे, मी तुले वर ओळखू कशी? झोपत नाई, जेवत नाई. आपरेशनले भेत नाई थे, याले भेते."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, तुम्ही? सिद्ध करा म्हणणाऱ्या?"

"माहा कुठं विश्वास आहे, सर? काहीच नाई." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "पन ताईचा आहे. आन् आपरेशन तिचं आहे."

यंत्र घरघरलं तशी त्यांनी माझा उजवा हात पकडला. मी चित्रकलेचा माणूस, तोच हात माझ्या कामाचा. तो त्यांनी असा आवळला की पुढं चार दिवस मला ब्रश धरता आला नाही. डोळे घट्ट मिटून त्या एकोणतीसचा पाढा म्हणत होत्या, मोठ्यानं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चुकत होत्या. पल्लवीनं एकदाही हसून पाहिलं नाही. निघताना ती मॅडमच्या पाया पडली.

दवाखान्यात ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मॅडमनी हात पुढं केला. मनगटावर पारदर्शक पट्टी, खाली लालसर कातडीत चार काळे ठिपके आणि मध्ये तो जुना हिरवा. ताईंनी डोळे बारीक करून पाहिलं. बोट फिरवून मोजले. पुन्हा मोजले.

"हा एक वाकडा आहे," त्या म्हणाल्या.

पिसं सारखी नाहीत म्हणून माझा मोर परत करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "राहू दे. चालते."

ताईंनी पांघरुणातून आपलं मनगट काढून मॅडमच्या मनगटाशेजारी ठेवलं. त्यांचे पाचही ठिपके वयानं पसरून एकमेकांत मिसळायला आले होते.

"लय भेली असशीन."

"भेली. पन पळाली नाई." मॅडमनी दुसऱ्या हातानं ताईंचा हात धरला. "ताई, आता तूबी पळू नको."

हात तसाच ठेवून ताईंनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं चक्क घोरायला लागल्या. कितीतरी दिवसांत त्या झोपल्या नव्हत्या. मी खुर्ची ओढून देऊ लागलो, तर मॅडमनी वर्गात बघायच्या तशा डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच 'शू' म्हटलं. त्या उभ्याच राहिल्या, हात न हलवता.