शेरवानीवरील डागाची मोहीम

श्रीवस्त्र प्रसन्न. मुलूख भाषावार वाटला गेला, ते समयीं हैदराबादेंत जें एक रण माजलें, त्याची हकीकत सावध चित्तें ऐकावी.

हिम्मतराव, शहरांतील नल्लकुंटा मोहल्ल्याचे रहिवासी, महसुली कारकून, नांवापुरतेच हिम्मतवान. मराठवाडा मुंबई राज्याकडे जाणार आणि मराठी कारकूनही तिकडेच नेणार, ऐशी आवई उठली, मग मुंबईहून एक साहेब नामजाद होऊन आले आणि रावांस हुजूर हाजिर होण्याचा हुकूम सुटला. तेव्हां कुटुंब केसरबाईसाहेब यांणीं चुलीपुढून फर्माविलें कीं, आम्ही नल्लकुंटा सोडीत नाहीं, मुंबईस जाणें तर एकट्यानें जाणें आणि हातानें रांधून खाणें. रावांचें पाणी पाणी जाहलें.

तशांत दरबारी शेरवानीवर बगाऱ्या वांग्याच्या तेलाचा डाग ठाण मांडून बसलेला. केसरबाईंनीं रिठा धाडिला, मग चुना धाडिला, आणि दोघेही शिकस्त खाऊन परतले. मग खाशी स्वारी शेरवानी घेऊन कोठी नामें बाजारास गेली. तेथील धुलाईवाले मियां बोलिले, "पानी नक्को साब, पर्क डालते. दाग बी जाता, होश बी जाता." पर्क म्हणजे पाण्याविना कपडा धुणारें विलायती औषध, वास गोडसर आणि उग्र. त्याणें डागाचा पुरता मोड केला, आणि वास मात्र शेरवानींतच मुक्काम करोन राहिला.

दुसरे दिवशीं राव कचेरींत उभे राहिले. साहेब दारूबंदीच्या राज्याचे, नाकाचे तिखट. वास येतांच त्यांणीं जाब पुसिला. रावांच्या मनीं शेरवानी, म्हणोन घाबरोन बोलिले, "काल कोठीला टाकली होती, साहेब. अजून उतरला नाही वास."

साहेब लालेलाल जाहले. टाकितो आणि वर कबूलही करितो, ऐसा मद्यपी आमचे राज्यांत नलगे, यास येथेंच ठेवावा, ऐसा हुकूम जाहला. रावांनीं जन्मांत थेंब घेतला नव्हता. खुलासा अगदीं ओठांवर आला, शरमेनें डोळे भरले, मग मुंबईची खोली आणि हातचें करपलें पिठलें नजरेसमोर आलें आणि रावांनीं मान खालीं घातली. साहेबांनीं तो पश्चात्ताप मानिला.

घरीं केसरबाईंनीं हकीकत ऐकिली, आणि दारुडा तर दारुडा, म्हणोन पान वाढिलें.

येणेंप्रमाणें नल्लकुंटा राखिला. फत्ते जाहली. रणीं कामीं आलें तें रावांचें नांव. बाकी सर्व खैरियत.