साळवेभाऊंची त्रेचाळीस भागांतली सायकल

शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळपासून गिरणीच्या जात्याला टाकी लावत, छिन्नीने दगड खरबरीत करत बसले होते. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम येतं आणि बायका तोंडावर बोलतात. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे साळवेभाऊ दोन पोती ओढत खाली आले.

"सुनंदाताई, सायकल आणलीय."

पोत्यांत सायकल होती. त्रेचाळीस भागांत. प्रत्येक भागावर नंबराची चिठ्ठी चिकटवलेली.

साळवेभाऊंनी नाशिक रोडला प्रेसमध्ये छपाई तपासण्यात आयुष्य काढलं. नोकरी सुटली, तपासणं सुटलं नाही. "एकदा तपासलं म्हणजे तपासलं नाही," हे त्यांचं ब्रीद. कुलूप लावून दोनदा जिना चढतात. दळण नेताना डब्याचं झाकण तीनदा उघडून बघतात. पीठ तेवढ्यात कुठे जाणार आहे? घरात कपांनाही नंबर. एक नंबर त्यांचा, दोन नंबर फुटला, म्हणून मला कायम तीन नंबरच्या कपात चहा. तिसऱ्याला बढती नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंगरात चालवायची जाड टायरांची सायकल घेतली. रोज पांडवलेण्यापर्यंत जाऊन येतात. मनात एकच, रेल्वेने मध्य प्रदेशात पिपरियाला उतरायचं आणि पचमढीचा घाट सायकलने चढायचा. तिकीट दोनदा काढलं, दोनदा रद्द केलं. पहिल्यांदा हवेचा पंप सापडेना. दुसऱ्यांदा सापडला, पण "संशयास्पद ठिकाणी". आज संध्याकाळची गाडी म्हणजे तिसरी खेप. कॉलनीने विचारायचंही सोडलं होतं.

"आज नाही गेलो तर सायकल विकून टाकणार," ते म्हणाले. मी टाकी खाली ठेवली, पोती रिक्षात घातली आणि त्यांना घेऊन स्टेशनवर गेले.

पार्सल ऑफिसातल्या माणसाने पोत्यात डोकावून पाहिलं. "काका, हे भंगार कुठे पाठवायचंय?"

"सायकल आहे ती."

"मग सुटी कशाला केली? सायकल उभीच जाते डब्यात. जा, जोडून आणा."

पोती परत रिक्षात घातली. साळवेभाऊ म्हणाले, "बाकी सगळं तपासलं होतं हो."

"जोडू की. पाने-पक्कड आहे गिरणीत."

"आणि नंबर आहेतच," ते जरा खुलले.

गिरणीत पोती उघडली. गंज चढू नये म्हणून या गृहस्थाने प्रत्येक भागाला तेल चोळलं होतं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या सुटून पोत्यांच्या तळाशी गुण्यागोविंदाने नांदत होत्या.

मग काय, बसलो जमिनीवर. डावं पॅडल उलटं फिरवून बसवायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. माझा त्यावर विश्वास बसेपर्यंत अर्धा तास गेला. दळणाला आलेल्या बायका डबे ठेवून सल्ले देऊ लागल्या. "काका, सीट मागे असते का पुढे?" असंही एकीने विचारून घेतलं. तीन वाजता सायकल उभी राहिली. खाली एक वॉशर उरला.

"रद्द," साळवेभाऊ म्हणाले. फार पटकन म्हणाले.

"माझ्या गिरणीचा आहे तो."

"कशावरून?"

"पीठ लागलंय."

"ताई, आता मलाही पीठ लागलंय."

शेवटी गिरणीच्या झाकणाचा बिनवॉशरचा बोल्ट दाखवला. तरी उठेनात. मांडीवर यादीची वही, बोट शेवटच्या ओळीवर. मी वही ओढून घेतली. बाकी सगळ्या ओळींपुढे दोन-दोन खुणा होत्या. शेवटच्या ओळीपुढची जागा कोरी होती. "पोचल्यावर कळवणे. कोणाला?"

लहान भावांना मार्गी लावता लावता साळवेभाऊंचं स्वतःचं लग्न राहून गेलं. ते भाऊ आता पुण्यात असतात, दिवाळीला फोन करतात. वहीची आधीची पानं चाळली. मागच्या दोन्ही याद्यांतही याच ओळीपुढची जागा कोरी होती. म्हणजे पंपाचा काही दोष नव्हता.

कानामागची पेन्सिल काढली आणि लिहिलं : सुनंदा, गिरणी. खाली माझा फोन नंबर.

त्यांनी नंबर वाचला, परत वाचला. "पण गिरणीच्या आवाजात तुम्हाला ऐकू येईल का?"

"तुम्ही सायकल घ्या. पार्सलवाला वाट बघतोय."

संध्याकाळी गाडी सुटली. खिडकीतून ते ओरडले, "झाकणाचा तो बोल्ट तपासा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच गिरणी उघडली. टाकी लागलेली, जातं बसवलेलं, बाजरीचे डबे रांगेत, पण बटण दाबलं नाही.

"लाईट नाही का हो?" एका बाईने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. डोक्यावर बल्ब जळत होता. तिने बल्बकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डब्यावर बसली.

पावणेसातला फोन वाजला. "ताई, पोचलो."

"एकदा कळवलं म्हणजे कळवलं नाही," मी म्हटलं. "घाट चढून वर गेलात की परत करा."

फोन ठेवला आणि बाजरी टाकली. पुढचा फोन येईपर्यंत दुपार झाली. दर दळणानंतर गिरणी बंद करून फोन बघून घेतला.