बबनअण्णांची वाटणी

बबनअण्णांच्या सदऱ्याच्या खिशात कायम सुतळीचा हातभर तुकडा असतो. मंचरच्या स्टँडवर आम्ही दोघांत मिळून एक वडापाव घेतला, की तो बाहेर निघतो. पाव मोजायचा, सुतळी मधोमध दुमडायची, नखानं खूण करायची आणि मग मोडायचा. तोवर वडा पार गार होतो. बरं, मोडल्यावर तरी सुटका व्हावी, तर तीही नाही. "उचला सर. वाटं मी घातलं, तवा आधी तुमी उचलायचं." मी हाताला लागेल तो तुकडा उचलला तर त्यांना राग येतो. दोन्हीकडची चटणी बघून, जरा विचार करून उचलावा लागतो.

मी तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि महाळुंगे पडवळला अण्णांच्या शेजारी राहतो. गणिताच्या मास्तरला असा शेजारी मिळाला हे नशीब, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं! अण्णांशी घटकाभर बोललो, की अर्ध्याचं निम्मं किती हेसुद्धा मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

आमच्याकडे भाऊ वेगळे होतात तेव्हा थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, अशी जुनी रीत आहे. उरलेला वाटा थोरल्याचा. म्हणजे थोरल्यानं कमी-जास्त केलं, तर कमी ते त्याच्याच पदरात पडणार. अण्णांच्या मते जगातलं खरं गणित तेवढंच. बाकीचं आम्ही मास्तर लोकांनी पगारासाठी वाढवून ठेवलंय.

शाळेत मात्र त्यांचं गणिताशी जमलं नाही. एकदा गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, दोन भावांनी बारा आंबे दोनास एक या प्रमाणात वाटून घेतले. अण्णांनी हात वर केला.

"गुरुजी, भांडाण झालं व्हतं का?"

"नाही."

"मग कमी घेणारा गप का बसला?"

गुरुजींनी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं. पुढे दहावीच्या परीक्षेत असंच एक उदाहरण आलं. अण्णांनी उत्तरात दोघांना सारखे आंबे देऊन टाकले आणि गणितात गचकले. पण ते हे मान्य करत नाहीत. "मी नापास न्हाई झालो, सर. मी त्या वाटणीला राजी नव्हतो."

याच माणसाला गावातले लोक वाटण्या करायला बोलावतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे. गेल्या उन्हाळ्यात दोन चुलतभावांच्या सामाईक विहिरीच्या पाळ्या ठरवायच्या होत्या. एक दिवस याचा, एक दिवस त्याचा, इतकं सरळ काम. अण्णांनी सुतळीशी चाळा करत विचारलं, "दुपारचं पाणी आन् सांजचं पाणी एक कसं? दुपारी जमीन जास्ती पिती." मग लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री, ते धरलं. मग बांधावरच्या झाडांची सावली धरली. मग वारा. सगळं झाल्यावर दोघा भावांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी मोटर चालू करायला कुणीच आलं नाही, कारण आज दुसऱ्याची पाळी आहे अशी दोघांचीही खात्री होती. तिसऱ्या दिवशी दोघंही आले. निवाड्याला मला बोलावलं. मी कागद-पेन घेऊन बसलो, घाम गाळला, आणि उत्तर असं आलं की पाळी तिसऱ्याच माणसाची आहे.

अण्णांच्या स्वतःच्या घरची वाटणी झाली, तेव्हा तर अख्खं गाव चक्रावलं. अण्णा आणि धाकटा भाऊ दिलीप वेगळे होणार होते. भांडण काही नव्हतं. मुलं मोठी झाली, घर पुरेना, इतकंच. प्रश्न होता आईचा. म्हातारी जिभेनं तिखट, आणि दोघांनाही हवी. दिलीप म्हणाला, "सहा म्हयनं तुझ्याकडं, सहा म्हयनं माझ्याकडं. सारखं व्हईल." शेंगदाणासुद्धा दोघांत फोडणारे अण्णा यावर एकदम बिथरले. "ती दर सहा म्हयन्याला पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन फिरंल व्हय? आई एकाच वाट्यात जाईल." दिलीपला ते पटलं. रीत तर ठरलेलीच होती.

मी पंच म्हणून हजर होतो. अण्णांनी अंगणात खडूनं दोन चौकोन काढले. एका चौकोनात मळ्यातलं ढेकूळ ठेवलं. दुसऱ्यात माळावरचं ढेकूळ, जुन्या घराची किल्ली, आणि एक पाट मांडला. "आई, तू हितं बस." म्हातारी कुरकुरत पाटावर बसली. विहीर, म्हैस, कांदे साठवायची बराख आणि ट्रॅक्टर एवढं अजून टाकायचं होतं.

दिलीप पुढे झाला. मळ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. आईकडेच बघत राहिला.

अण्णांनी विहिरीच्या मोटरची किल्ली मळ्याच्या चौकोनात ठेवली.

"अण्णा, हिर निम्मी-निम्मी ठरली व्हती ना?" दिलीप म्हणाला.

"राहू दे. आता बघ."

दिलीपनं पुन्हा आईकडे बघितलं. अण्णांनी म्हशीचं दावं मळ्याच्या चौकोनात टाकलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मला वाटलं, उन्हानं यांचं डोकं फिरलंय. मी कानाशी जाऊन पुटपुटलो, "अण्णा, वाट्यांचा तोल जातोय." त्यांना ऐकूच गेलं नाही. कपाळावरून घाम निथळत होता आणि नजर भावाच्या डोळ्यांवरून हलत नव्हती. दिलीप आईकडे वळला, की इकडे अण्णांचा हात खिशात. कांद्याची बराखसुद्धा गेली. तेव्हा दिलीपची बायको हळूच म्हणाली, "अवो, पोरांचं बघा की." दिलीपनं मान खाली घातली आणि मळ्याचं ढेकूळ उचललं.

अण्णा मटकन खाली बसले.

म्हातारी पाटावरून ओरडली, "बबन्या, मेल्या, जलम गेला लोकांचं वाटं घालण्यात, आन् सोताचं घालता आलं न्हाई? सगळं त्याला दिलंस आन् मला बसवलीस धोंड्यात!"

गावानं अण्णांना महिनाभर हसून घेतलं. इतका मुरलेला माणूस असा फसला कसा, हे कुणालाच कळेना. बरं, फसलेला माणूस गप्प तरी बसेल? यांचं उलटंच. माळावर जे काही पिकतं, त्यातली मटकी-बाजरी आधी दिलीपच्या घरी पोचती होते. दिलीपचं रान फुकटात नांगरून देतात. तो नको नको म्हणतो, त्याची बायको संकोचते, अण्णा ऐकत नाहीत.

परवा ते मटकीचं पोतं मोटरसायकलला बांधत होते. मला राहवलं नाही.

"अण्णा, त्या दिवशी तुम्ही चुकलात, ते कळलं. पण ज्याला जास्त गेलं, त्यालाच आणखी देताय. हा काय हिशेब झाला?"

त्यांनी गाठ आवळली. माझ्याकडे बघितलं नाही.

"त्याला कुठं जास्ती गेलं, सर? ट्रॅक्टरबी घालणार व्हतो, त्याच्या आधीच उचललं त्यानं. ट्रॅक्टर माझ्याकडंच ऱ्हायला." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "आन् वर आई. लई जास्ती आलंय माझ्याकडं. तुमी शिकल्यालं हाय. सारखं व्हायला अजून किती द्यावं लागंल, सांगा की."

मी सवयीनं खिशातलं पेन काढलं.

"बबन्या!" आतून म्हातारी ओरडली. "कुणाशी बोलत बसलास? पाय चेपायचं न्हाईत व्हय माझं?"

पोतं तसंच अर्धवट बांधलेलं सोडून अण्णा घाईघाईनं आत गेले.