पिंकीच्या डोक्यावरची मेथी

माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते कुणालाच कळत नाय, पण डोक्यावर काय लावावं ते सगळ्यांना कळतं.

माझं सिडकोत सलून हाय. चाळीस वर्षं कात्री चालवतोय, पण घरच्या कंडिशनरएवढा उघडा कारभार मी दुसरा पाहिला नाय. दुकानातल्या बाटलीत काय हाय ते मुंगीएवढ्या अक्षरात लपवतात. घरचं तसं नाय. जी बाई दारावरून जाईल, ती आत येऊन मूठभर काहीतरी टाकूनच जाते. (माझ्या हिशेबानं शंभरातल्या साठजणी उपाय लावतात, चाळीसजणी फक्त सांगतात. चाळिसांचे केस चांगले असतात.)

आमच्या गल्लीतल्या पिंकीचा रविवारी साखरपुडा होता. पोरगा येवल्याचा. त्याची आई गोजराबाई, तिनं पिंकीचे कमरेपर्यंतचे केस बघूनच होकार दिलेला. (पोराचं मत घ्यायचं राहिलं होतं.) केसांत जरासा गुंता होता. तो सोडवायला बुधवारी पिंकीच्या आईनं, विमलाबाईनं, मोबाइलवर बघून जवस उकळलं.

जवस चांगलं चिकट झालं. मोबाइलमधली बाई म्हणाली, आता फडक्यातून गाळा, चोथा टाकून द्या.

"टाकून द्या?" शेजारची भागीबाई उसळली. "सगळं सत्व चोथ्यातच असतं! हिच्या बापानं पिकवलंय का जवस?"

ठराव एकमतानं मंजूर. चोथा ठेवला. मग कुणाचं मन दुखायला नको म्हणून प्रत्येक घराची वस्तू पडली. भागीबाईची भेंडी, कुणाची कोरफड, कुणाचं दही, कुणाचा सकाळचा भात, आणि मालनबाईची भिजवलेली मेथी. मेथी वाटायची होती, पण लाईट गेली. अख्खीच घातली.

लेप थापून वर ओलं फडकं आवळलं. "मुरू दे दोन दिवस," भागीबाई म्हणाली. लोणच्याला जो नियम, तोच डोक्याला.

शुक्रवारी फडकं सोडलं. भिजलेली मेथी दोन दिवस ओल्या फडक्यात राहिली की जे करते, ते तिनं केलं होतं. पेराएवढे मोड. बाकीचं चिकटून केसांची घोंगडी.

"मोड मात्र झकास आलेत हां," मालनबाई म्हणाली.

पिंकी रडायला लागली. "आई, रविवारी डोक्यावर भाजी घेऊन पाटावर बसू का?"

मग मला बोलावलं. मी तीन तास झटलो. दोन कंगवे कामी आले.

"पिंके, हे सुटायचं नाय. कापावं लागंल."

"अहो कोंडाजीभाऊ, होकार केसांवर दिलाय त्यांनी!" विमलाबाई ओरडली. "लग्न मोडंल हो!"

"कापा काका," पिंकी म्हणाली. "मोडलं तर मोडलं. मान अवघडलीय माझी."

खांद्यापर्यंत कापले.

रविवारी गोजराबाई आली. बघतच राहिली. मग तिनं पिंकीच्या केसांत बोटं घातली. बोटं सर्रकन खाली आली. गुंता कुठंच लागंना. (गुंता माझ्या पिशवीत होता.)

"अगं बया! लांबी गेली, पण काय मोकळे झालेत! लावलंस काय?"

पिंकीनं भीत भीत काय काय घातलं ते सांगितलं. गोजराबाईनं पोराला जागेवरच लिहून घ्यायला लावलं. (लग्नाच्या कामात त्याला विचारलं ते एवढंच.) साखरपुडा थाटात झाला.

काल येवल्याहून मला फोन आला. गोजराबाईची पोरगी होती. कात्री घेऊन कधी येता, म्हणाली.

तुम्ही हसा खुशाल. पण जवस किती वाट्या ते मी सांगितलं नाय, हे तुमच्या केव्हाच ध्यानात आलंय. आणि आपण गाळून घेतलं तर नीट होईल, असंबी मनात येऊन गेलंय.

पत्ता देऊन ठेवा. येवल्याला जाताना तुमच्याकडं होऊन जातो.