पेलिकन्ससाठी देव पाण्यात

"यंदा पेलिकन्स फायनलला! हवं तर भिंतीवर लिहून ठेवा!"

विनय पोतनीसने हे वाक्य एप्रिलमध्ये, रियाधच्या अल मलाझ भागातल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहून असं काही ठणकावलं, की खालच्या किराणा दुकानातून बदरुद्दीनभाईंनी दचकून वर पाहिलं. भिंत भाड्याची होती म्हणून कुणी लिहिलं नाही, एवढंच. बरंच झालं म्हणायचं! नाहीतर मे महिन्यात रंगारी बोलवावा लागला असता.

पोर्ट हॅलम पेलिकन्स ही अमेरिकेतली बेसबॉलची टीम. आता मिरजेच्या माणसाचा आणि बेसबॉलचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. श्यामलाही लग्नानंतर विचारायची, मग दमली. तर त्याचं असं झालं, की कंपनीने विनयला एका प्रोजेक्टसाठी काही वर्षं पोर्ट हॅलमला धाडलं होतं. तिथल्या क्लायंटने मॅचचं फुकट तिकीट दिलं. फुकट म्हटल्यावर विनय गेला. जाताना त्याच्या लेखी बेसबॉल म्हणजे जाड विटीदांडू होता. येताना डोक्यावर पेलिकन्सची निळी टोपी होती आणि घसा बसला होता. त्या दिवशी पेलिकन्स हरले होते. पण विनय पडला मनाचा मोठा. त्याला वाटलं, पुढच्या वेळी जिंकतील. तेव्हापासून आजतागायत त्याला तसंच वाटतंय!

अमेरिकेच्या त्या टोकाला संध्याकाळ असते तेव्हा आपल्या रियाधला सकाळ. त्यामुळे मॅच चहाबरोबर. हरण्याची चव तोंडात घेऊनच विनय बँकेतल्या आयटी विभागात जाऊन बसायचा. आणि शेजारच्या टेबलावर कोण? तर सुमीत गद्रे!

हा सुमीत म्हणजे विनयच्या पोटातलं कायमचं दुखणं. राहायलाही त्याच बिल्डिंगमध्ये, बरोब्बर वरच्या मजल्यावर. त्याला बेसबॉल शिकवला विनयनेच! चमचे आणि बशा मांडून, सोफ्यावरच्या उशीला बेस, म्हणजे पळत गाठायचा थांबा, करून शिकवला. शिकल्यावर या शिष्योत्तमाने टीम कोणती धरावी? किंग्ज! गेल्या वर्षीचे विजेते! अमेरिकेत पाऊल न ठेवता, मोबाइलवर बघितलं, सगळ्यात वर कोण आहे, आणि धरली! याला काय निष्ठा म्हणतात? दुकानात गिऱ्हाईक भेंडी निवडतं त्याला निष्ठा म्हणत नाहीत!

आणि किंग्ज जिंकत होते. रोज. किंग्ज जिंकले की वरच्या मजल्यावर सुमीत टाळ्या वाजवायचा, आणि त्या टाळ्या विनयच्या छतातून थेट त्याच्या चहात पडायच्या.

हेही विनयने गिळलं असतं. पण एका सकाळी त्याची अकरा वर्षांची लेक क्षितिजा सोफ्यावरून उठली आणि दप्तर उचलून दाराकडे निघाली.

"कुठे चाललीस? अजून दोन इनिंग्ज आहेत!"

"वर. सुमीतकाकाकडे."

"का? आपला टीव्ही काय वाईट आहे?"

"टीव्ही ठीक आहे, बाबा," क्षितिजा अगदी समजुतीने म्हणाली. "बट युअर टीम... नो ऑफेन्स हां... दे आर लूजर्स. तिकडे जिंकतात. आणि काका डोनट देतात."

विनयच्या काळजात चर्र झालं. ही पोर जन्मली पोर्ट हॅलमला! दुपट्यात गुंडाळलेली असताना डोक्यावर पेलिकन्सची टोपी होती, फोटो आहे! रात्र रात्र जागून हिला खांद्यावर कुणी फिरवलं? सुमीतने? आणि आज एका डोनटसाठी पक्षांतर!

"या शुक्रवारी," क्षितिजाने दारातून जाहीर केलं, "पेलिकन्स व्हर्सेस किंग्ज आहे ना? लास्ट चान्स. हरले तर आय अ‍ॅम स्विचिंग. काकाने माझ्या नावाचा किंग्जचा टीशर्टपण मागवलाय."

नावाचा टीशर्ट! बापाच्या डोळ्यांदेखत! विनय दिवसभर ऑफिसात धुमसत होता. सुमीतने नेहमीसारखं "चहा घेणार?" विचारलं, तर "नको!" असा खेकसला, की पलीकडच्या फहादसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या सौदी बॉसने, चष्म्यावरून पाहिलं.

चेंडू फेकणारा पिचर विनयच्या हातात नव्हता. बॅट हातात नव्हती. हातात काय होतं? तेव्हा त्याला आईची आठवण झाली. बारावीचा निकाल असो, वडिलांचं ऑपरेशन असो, आई देव पाण्यात ठेवायची. काम झालं की बाहेर काढायची. आणि पोतनिसांच्या घरात त्याचा एक कडक कायदा होता. देव पाण्यात ठेवणाऱ्याने कशासाठी ते सांगायचं नाही, आणि बघणाऱ्याने विचारायचं नाही. टोकलं की फिसकटलं!

स्वयंपाकघरातल्या कपाटाचा वरचा कप्पा हेच त्यांचं देवघर. विनयने आजूबाजूला पाहिलं, पितळी गणपती उचलला, दही लावायच्या स्टीलच्या भांड्यात अलगद ठेवला आणि वर गार पाणी ओतलं. "बाप्पा, एवढा शुक्रवार," तो पुटपुटला. "नंतर तुम्ही आणि पेलिकन्स काय ते बघा."

श्यामला संध्याकाळी दिवा लावायला गेली आणि तिच्या हातातली काडी विझली. देव पाण्यात!

या घरात देव याआधी एकदाच पाण्यात गेले होते, तिच्या वडिलांच्या बायपासच्या वेळी. म्हणजे प्रकरण मोठं होतं. विचारायची तर सोय नाही, सासूबाईंचा कायदा! ती हळूच बाहेर डोकावली. विनय सोफ्यावर कपाळाला हात लावून बसला होता. समोर ताटात पोळी तशीच.

"ऑफिसमध्ये सगळं ठीक ना रे?" तिने आडून विचारलं.

"ऑफिसचं काय," विनयने सुस्कारा सोडला. त्याच्या डोक्यात सकाळची सुटलेली कॅच होती. "आज आहे, उद्या नाही."

झालं! श्यामलाच्या पायाखालची जमीन सरकली. नोकरी गेली! आणि इथे नोकरी गेली म्हणजे नुसता पगार जात नाही हो. इकामा जातो, म्हणजे राहायचा परवानाच जातो. पाठोपाठ घर, शाळा, सगळं खलास! बिचारा एकटाच सोसतोय, असं वाटून तिला असं काही भरून आलं की तिने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तीही तशीच राहिली.

तिने ही गोष्ट फक्त एका व्यक्तीला सांगितली. वरच्या स्मृतीला, म्हणजे सुमीतच्या बायकोला. "कुणाला बोलू नकोस हं!" स्मृतीनेही कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तो काही 'कुणी' नव्हे. आणि बिल्डिंगमधल्या अहिल्यावहिनींना, कारण त्यांना न सांगून कसं चालेल?

आता रियाधच्या मराठी मंडळींची एक रीत सांगायला हवी. एखादं कुटुंब कायमचं परत निघालं, की अश्रू नंतर येतात, आधी फ्रिज ठरतो. मिक्सर कुणाचा, सोफा कुणाचा, हे प्रेमाने आणि वेळेत बोलून ठेवावं लागतं. नाहीतर दुसरं कुणीतरी बोलून ठेवतं.

बुधवारी संध्याकाळी अहिल्यावहिनी आल्या. डोळ्यांना पदर, नजर वॉशिंग मशीनवर.

"विनयभावजी, ऐकलं बाई. फार वाईट वाटलं."

विनय हेलावलाच. इतकी वर्षं त्याच्या टीमबद्दल कुणी सहानुभूतीचा चकार शब्द काढला नव्हता! "काय करणार, वहिनी? गेली कित्येक वर्षं हेच चाललंय."

"कित्येक वर्षं? आणि तुम्ही कुणाला कळूही दिलं नाहीत?"

"रोजच तर सांगतो! कुणी ऐकत नाही. वरची माणसंच नालायक. चांगल्या चांगल्यांना काढतात आणि गाळ भरतात!"

"शू! भिंतीला कान असतात," वहिनी घाबरून म्हणाल्या आणि मशीनचं झाकण उघडून आत पाहू लागल्या. "आता शेवटचा दिवस कधी?"

"शुक्रवार. शुक्रवारी सकाळी काय तो निकाल!"

"अगो बाई! इतक्या लवकर!" वहिनींनी झाकण मिटलं आणि मशीनवर हात फिरवला. "फ्रंट लोडिंग ना?"

त्या गेल्या तोच बदरुद्दीनभाई जिना चढून आले. मूळचे रत्नागिरीचे, दुकानाबरोबर गावी सामान पाठवायचं कार्गोचं कामही बघायचे. दोन्ही हातांत रिकामे खोके.

"विनयशेठ, मी काय परका हाय काय? सगळ्या बिल्डिंगला कळला नि मला नाय?"

"अहो, पण हे खोके?"

"असू देत. लागतील. माणसानं हिंमत सोडायची नाय. अल्ला एक दार बंद करतो, दुसरा उघडतो." त्यांनी विनयच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याला ठसका लागला. "आंब्याच्या दिवसात घरी पोचाल, काय वाईट?"

आंब्यांचा आणि पेलिकन्सचा संबंध विनयला कळेना. पण भाई बेसबॉलमध्ये नवीन असतील, असं म्हणून त्याने खोके ठेवून घेतले.

खरा कहर सुमीतने केला. गुरुवारी ऑफिसात त्याने न मागता कॉफी आणली. विनयचा अर्धा रिपोर्ट स्वतः लिहून टाकला. आणि निघताना खांद्यावर हात ठेवून, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "उद्या काहीही होवो, विनय. मी आहे."

विनयच्या अंगाची लाही लाही झाली. मॅच व्हायच्या आधीच सांत्वन! इतका माज! "तू उद्या बघच!" तो दात खाऊन म्हणाला.

सुमीतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हे स्पिरिट सोडू नकोस," तो म्हणाला.

शुक्रवार उजाडला. सुमीतने सगळ्यांना वर मॅचला बोलावलं होतं. पोहे, डोनट, सगळा थाट. विनय आपली निळी टोपी घालून, रणांगणावर निघाल्यासारखा जिना चढला आणि दारातच थबकला. क्षितिजा समोर बसली होती. तिच्या डोक्यावर पेलिकन्सची टोपी! लहानपणीची, घट्ट, टाळूवर कशीबशी टेकलेली.

"आज मी तुझ्या साइडला आहे, बाबा," ती म्हणाली आणि सरकून तिने त्याला जागा दिली. विनयला भरूनच आलं. आईबाबांचं फोनवरचं बोलणं मुलांना सगळं ऐकू जातं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मॅच सुरू झाली. पेलिकन्स नेहमीप्रमाणे मागे पडले. पण आज एक गंमतच होती. किंग्जने रन काढला की सुमीत गप्प! पेलिकन्सचा साधा फटका बसला की टाळ्या! अहिल्यावहिनीसुद्धा "मार बाळा!" म्हणून ओरडत होत्या. विनयला वाटलं, हे सगळे मिळून आपली टर उडवताहेत. क्षितिजाने मात्र त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. टीशर्टचा खोका टीव्हीखाली तसाच बंद पडलेला, आणि विनयचा एक डोळा सतत त्या खोक्यावर.

नववी इनिंग, म्हणजे शेवटची. पेलिकन्सना दोन रन कमी, दोन गडी बेसवर, आणि आता एक बाद की संपलं. पेलिकन्सचा तो दाढीवाला, जो हंगामभर हवेलाच बॅट मारत होता, पुढे आला. विनयने डोळे मिटले. "बाप्पा, दह्याच्या भांड्यातून बघताय ना?"

खण्ण!

चेंडू स्टेडियमच्या बाहेर! तिघेही आत आले, एकदम तीन रन! पेलिकन्स जिंकले!

विनय सोफ्यावर चढला. क्षितिजा त्याच्या गळ्यात. बदरुद्दीनभाईंनी अहिल्यावहिनींच्या ताटातला डोनट चुकून खाल्ला. आणि विनय "पावला! पावला!" ओरडत जिना उतरून खाली धावला आणि गणपतीचं भांडं घेऊन तसाच परत आला. सगळ्यांसमोर त्याने बाप्पाला पाण्यातून काढलं आणि टोपीने पुसलं.

"मिळाली?" श्यामला रडत रडत धावली. "मिळाली का रे नोकरी?"

"कसली नोकरी? मला आहे की नोकरी!"

"मग देव?"

"पेलिकन्ससाठी! आता जिंकल्यावर सांगायला हरकत नाही!"

टीव्हीतले अमेरिकन प्रेक्षक तेवढे अजून नाचत होते.

"म्हणजे," श्यामलाचा आवाज हळूहळू चढत गेला, "चेंडूफळीसाठी माझा गणपती आठवडाभर दह्याच्या भांड्यात? मी शाळेत दाखल्याची चौकशी करून आले! आईला फोन करून रडले!"

"आणि मशीन?" अहिल्यावहिनी क्षीण आवाजात म्हणाल्या. बदरुद्दीनभाई खोके आणायला मुकाट्याने खाली गेले.

सुमीत मात्र हसत होता. मोकळं, आतून हसत होता. "म्हणजे नोकरी शाबूत! अरे, मग मलाही देव काढायला हवेत!" तो आत गेला आणि एक पातेलं घेऊन आला. पातेल्यात त्याचा चांदीचा गणपती. "स्मृतीने सांगितलं त्याच दिवशी ठेवला होता. तुझी नोकरी टिकावी म्हणून."

विनय सोफ्यावर बसला. त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. याचाही नवस फळला! याचा तर आधीच फळलेला होता! देवाच्या बाबतीतसुद्धा हा माणूस किंग्जच!

क्षितिजाने दोन्ही भांड्यांकडे पाहिलं. एकदा बाबाकडे, एकदा सुमीतकाकाकडे. मग ती घट्ट टोपी तिने दोन्ही हातांनी ओढून काढली आणि बाबाच्या मांडीवर ठेवली.

"काका," ती म्हणाली, "तो टीशर्ट दाखव ना."

आणि तो तिला बसलाही. अगदी बरोब्बर!

श्यामलाने दह्याचं भांडं आता स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवलंय. पण परवा ती बाजारात गेली होती, तेव्हा विनयने पाण्याचा पेला भरला. बाप्पा त्यात जेमतेम मावले, सोंड बाहेर राहिली. कशासाठी, ते मात्र विचारू नका. टोकायचं नसतं!