अर्धे आकडे तुझे, अर्धे माझे

टीव्हीला कुलूप लावायचं ठरलं तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण कुलूपवाल्यांना कुलपापुढे दुसरं काही दिसत नसे. चौकातल्या दुकानात बावीस वर्षं कुलपं विकून आणि किल्ल्या हरवलेल्यांची दारं उघडून त्यांचं एक ठाम मत झालं होतं, की माणूस वाईट नसतो, कुलूप कच्चं असतं.

मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला चिमणी म्हणत. तिच्या वयाला काय दिसावं आणि काय दिसू नये, याची जबाबदारी आईबापांची; म्हणून कुलूपवाल्यांनी टीव्ही कंपनीचं ‘कुटुंब पॅकेज’ घेतलं. बातम्या, गाणी आणि मुलांची चॅनेलं खुली, बाकी सगळ्यांना चार आकड्यांचं कुलूप. आकडे टाकल्याशिवाय पडद्यावर नुसतं लाल कुलपाचं चित्र.

“चारही आकडे माझ्याकडे ठेवले, तर उद्या चिमणीने गळ्यात हात टाकले की मी विरघळणार,” त्यांनी बायकोला समजावलं. “तुझ्याकडे ठेवले तर तू विरघळणार. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात ना? तसंच करू. पहिले दोन आकडे माझे, पुढचे दोन तुझे. मी तुला सांगणार नाही, तू मला सांगायचं नाही.”

“आणि मला कधी काही बघावंसं वाटलं तर?”

“तुला? अगं, पोरीसमोर आपणच आदर्श ठेवायचा.”

“मी आपलं सहज विचारलं,” पोस्टात खिडकीवर बसणारी बायको म्हणाली. हातातलं पीठ मळणं अर्धवट टाकून ती आली, नवऱ्याला तोंड भिंतीकडे करायला लावलं आणि आपले दोन आकडे दाबून परत गेली.

धंद्याचा आणखी एक नियम होता. जोडकिल्ली नेहमी तिसऱ्या, भरवशाच्या माणसाकडे ठेवायची. तशी माणसं हल्ली दुर्मिळ. पण कुलूपवाल्यांच्या शेजारीच एक राहत होतं. मोठ्या बाई. तीस वर्षं मुख्याध्यापिका, निवृत्त झाल्यावरही आवाजातली छडी शाबूत. तत्त्व म्हणून त्यांनी घरात टीव्ही घेतला नव्हता. चिमणी तीनला शाळेतून येई, आईबाप कामावर. म्हणून घरी कुणी नसेल त्या दिवशी अडीचला मोठ्या बाई येऊन दार उघडत आणि तिच्यासाठी घरात बसत. कुलूपवाल्यांनी आपले दोन आकडे पाकिटात घालून, डिंकाने चिकटवून त्यांच्याकडे दिले. दुसऱ्या दिवशी बायकोनेही आपलं पाकीट दिलं. व्यवस्था चोख झाली.

मग कुलूपवाल्यांच्या अंगात प्रचारक शिरला. शाळेच्या पालकसभेत त्यांनी पाऊण तास भाषण ठोकलं. इमारतीतल्या आठ कुटुंबांना त्यांनी तेच पॅकेज घ्यायला लावलं. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी कुरकुर केली, “अहो, मला दिवसभर लोकांचे किडके दात बघून संध्याकाळी मारामारी बघावी लागते.” त्यांनाही त्यांनी सोडलं नाही. “महिना झाला,” ते छातीवर हात ठेवून सांगत, “आमच्या घरचं कुलूप एकदाही उघडलेलं नाही.”

अशातच चिमणी शाळेतर्फे मुलांच्या प्रश्नमंजूषेत गेली. वर्गाच्या बाईंबरोबर जाऊन, चित्रीकरण उरकून आली. कार्यक्रम तीन आठवड्यांनी रविवारी पाच वाजता लागणार होता आणि पुन्हा दाखवणार नव्हते. चॅनेल होतं कुलपातलं, कारण इतर वेळी त्यावर खून पडत.

“कसा झाला गं कार्यक्रम?” बापाने विचारलं.

“बरा झाला,” चिमणी म्हणाली आणि बुटाची नाडी सोडत बसली. एरवी वर्गात कुणाला शिंक आली तरी अर्धा तास सांगणारी पोर! पण बापाला वाटलं, निकाल गुप्त ठेवायला सांगितलं असेल.

रविवारी साडेचारला दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आठही कुटुंबं होती. मोठ्या बाई मधल्या खुर्चीवर होत्या. थोरल्या मुलाकडे राहणारी कुलूपवाल्यांची आई सकाळीच मुद्दाम आली होती. एवढे प्रेक्षक पाहून कुलूपवाल्यांना राहवेना.

“मंडळी, आज दोन महिन्यांत पहिल्यांदा हे कुलूप उघडेल,” ते म्हणाले, “तेही दोघांच्या संमतीने. आकडे मात्र कुणाला दिसता कामा नयेत.” असं म्हणून त्यांनी रिमोटवर टॉवेल टाकला.

“टॉवेल कशाला? दिसायचं नाही तुम्हालाच,” बायको म्हणाली.

“बावीस वर्षं अंधारात किल्ल्या लावतोय. माझ्या बोटांना डोळे आहेत.”

बोटांनी टॉवेलखाली दोन आकडे दाबले. मग बायकोने आपले दाबले. पडद्यावर आलं: चुकीचा पिन. डॉक्टर खोकले. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला बायको म्हणाली, “टॉवेल काढा,” आणि हे म्हणाले, “तत्त्व म्हणजे तत्त्व.” तत्त्व राहिलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: तीन प्रयत्न चुकले, चोवीस तासांनी प्रयत्न करा.

चोवीस तासांनी! कार्यक्रम वीस मिनिटांत होता. लोकांची बंद दारं पाच मिनिटांत उघडणारा माणूस, आणि स्वतःच्या पोरीवर दार लावून बसला होता.

“राहू दे ना बाबा,” चिमणी हळूच म्हणाली. “नाही बघितलं तरी चालेल मला.”

“असं कसं चालेल? आभाळ कोसळलं तरी आज तुला टीव्हीवर बघणार मी,” त्यांनी तिला जवळ घेतलं. पोरीचं मन केवढं मोठं, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी कंपनीला फोन लावला. कुणालाही शंका नको म्हणून स्पीकर सुरू केला. दहा मिनिटं संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलली. “पिन आत्ता उघडून देते, सर. फक्त घरातलंच माणूस बोलतंय याची खात्री करायची आहे. गेल्या आठवड्यात तुमच्याकडे कुलूप उघडून पाहिलेले तीन कार्यक्रम सांगा.”

कुलूपवाले गर्वाने हसले. “एकही नाही. हे कुलूप उघडलेलंच नाही.”

“सॉरी सर, उत्तर चुकलं.”

“चुकलं कसं? मी सांगतोय ना!”

“सर, माझ्यासमोर यादी आहे. बरीच मोठी आहे. तुम्ही फक्त तीन सांगा.”

“मूल आपोआप बिघडत नसतं,” मोठ्या बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “पालक ढिले पडतात.” आठ कुटुंबांनी माना डोलावल्या. घड्याळात पाचला आठ मिनिटं कमी होती. कुलूपवाल्यांनी चिमणीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. अब्रू आणि पोरगी यांतलं एकच वाचणार होतं. त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

“‘तेरावी तिजोरी’,” ते पुटपुटले.

“जरा मोठ्याने, सर.”

“‘तेरावी तिजोरी’! गुरुवारी दुकान बंद असतं, तेव्हा. अहो, त्यात तो चोर केसातल्या आकड्याने तिजोरी उघडतो! असं कधी होतं का? मी संतापाने बघत होतो!”

“संतापाने किती बघितलंत?” बायकोने विचारलं.

“चार भाग आहेत.”

“आणि माझे दोन आकडे?”

“त्या दिवशी तू पिठाच्या हातांनी दाबलेस ना, पाच आणि आठवर पीठ होतं,” कुलूपवाले म्हणाले. एवढ्यातही आवाजात धंद्याचा अभिमान डोकावलाच. “उलटसुलट करून दुसऱ्या खेपेस लागलं.”

“एक बरोबर,” फोन म्हणाला. “पुढचा?”

आता बायकोने पदर सावरला. “‘सुनेचा सूड’,” ती सरळ म्हणाली. “शनिवारी मला अर्धा दिवस असतो. आणि बघताय काय असे? तुमचे दोन आकडे दुकानाच्या शटरला तेच, स्कूटरला तेच, सुटकेसलाही तेच. त्यात काय शोधायचंय!”

“काय करते त्यात सून?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही हो आई. सासूच्या चहात थोडंसं काहीतरी घालते.”

सासूबाईंनी हातातला कप हळूच टेबलावर ठेवला आणि तो दोन बोटांनी लांब सरकवला.

“दोन बरोबर. शेवटचा, सर?”

शेवटचा कुणालाच ठाऊक नव्हता. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने नवऱ्याकडे. दोघांच्या कोठारातला माल संपला होता. मग दोघांचीही नजर चिमणीवर गेली. पाचला तीन कमी.

“चिमणे,” कुलूपवाले गुडघ्यांवर बसले, “आम्ही दोघांनी कबूल केलं ना? तुला कुणी एक शब्द बोलणार नाही. सांग बेटा.”

“मी नाही, बाबा.”

“खोटं नको बोलूस गं.”

“मी नाही बघितलं!” पोरीचे डोळे भरून आले. “आणि तो कार्यक्रम पण नको उघडूस. खरंच नको!”

बापाला फार वाईट वाटलं. दोन महिने आपणच थापा मारल्या, आता पोरीने मारली तर कुठल्या तोंडाने रागवायचं, ते त्यांना कळेना. तेवढ्यात मधल्या खुर्चीवरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“तिला विचारू नका,” मोठ्या बाई म्हणाल्या. “‘पिंजऱ्यातले पैलवान’.”

“काय?” डॉक्टर उभेच राहिले.

“कुस्ती असते. लोखंडी पिंजऱ्यात. अडीच ते तीन.” मोठ्या बाईंचा आवाज ताठ होता, पण कान लाल झाले होते. “दोन्ही पाकिटं माझ्याकडेच होती. ती मी एकत्र ठेवली, एवढीच माझी चूक. एकत्र ठेवल्यावर मग उघडलीही गेली.”

“तिन्ही बरोबर!” फोन आनंदाने ओरडला. “उघडलं, सर! नवा पिन काय ठेवायचा, तेवढं सांगा.”

पण आता कोण ऐकतं! पडद्यावरचं लाल कुलूप गेलं, वाद्यं वाजली आणि रंगीत पट्ट्यांच्या खुर्चीवर दोन वेण्या घातलेली चिमणी दिसली. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. कुलूपवाल्यांचे डोळे भरून आले. घरातली चिमणी मात्र आजीच्या मांडीत तोंड खुपसून बसली होती.

पडद्यावरचे काका हसत हसत विचारत होते, “काय गं, घरी टीव्ही बघतेस की नाही?”

“अर्धा तास,” पडद्यावरची चिमणी खणखणीत आवाजात म्हणाली. “आमच्या टीव्हीला कुलूप आहे.”

“शाब्बास! म्हणजे घरात कुणीच जास्त बघत नाही?”

चिमणीने जरा विचार केला. “बाबा गुरुवारी बघतात, आई शनिवारी बघते आणि शेजारच्या मोठ्या बाई बाकी रोज बघतात. टीव्ही लावला की मागचं चॅनेल आपोआप येतं ना, त्यावरून कळतं. पण मी कुणाला सांगत नाही. त्यांना वाईट वाटेल.”

पडद्यावरचा हॉल हसून हसून लोटपोट झाला. अर्ध्या तासात तिघांनी घाम गाळून ज्या कबुल्या दिल्या, त्या तीन आठवड्यांपूर्वीच चित्रीकरणात भरून ठेवल्या होत्या आणि आता घरोघर पोचल्या होत्या. सगळ्यांत आधी सासूबाई हसल्या. मग डॉक्टर. मग कुलूपवाले असे हसले, की त्यांना भिंतीला धरावं लागलं.

“म्हणून नको म्हणत होतीस होय गं?” त्यांनी चिमणीला उचलून घेतलं. “आणि मी तुलाच खोटारडी म्हटलं. चुकलो बेटा. साफ चुकलो.”

“रागावला नाहीस?”

“कुणावर रागावू? या घरात कुलपाचं ऐकणारी तू एकटीच आहेस.”

चिमणी स्पर्धेत तिसरी आली. त्यासाठीही टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर टेबलावरचा फोन बोलला, “सर, आम्ही सगळे इथे बघतोय हो! तुमच्या मुलीला शाबासकी सांगा. पण तो पिन?”

कुलूपवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्यांनी फोन आणि रिमोट, दोन्ही चिमणीच्या हातात दिले.

“चारही आकडे मीच ठेवू?” चिमणीने डोळे पुसत विचारलं. मग तिने खोलीतल्या सगळ्यांकडे एकवार नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, “मग सगळ्यांनी जरा बाहेर जाऊन थांबा. मोठ्या बाई, तुम्हीसुद्धा.”

आठ कुटुंबं, आई, बाप, आजी आणि निवृत्त मुख्याध्यापिका निमूटपणे बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

“मंगळवारी अंतिम लढत आहे हो,” मोठ्या बाई कुलूपवाल्यांच्या कानाशी म्हणाल्या. “काही करता येईल का?”

“विचारून बघा तिला,” कुलूपवाले म्हणाले. “पण नीट विचारा. गुरुवारचं मलाही विचारायचंय.”